संगमावरची वल्ही

रामघाटावर सायंआरतीच्या सुमारास उभे राहिले की पैलतीरीच्या दत्त आखाडा घाटाकडे जाणाऱ्या लहान नावा दिसतात. नावाडी संथपणे वल्ही मारतो, कोणी भाविक स्त्री पाण्यात दिवा सोडते आणि नाव पुढे सरकते. आपल्या माळव्यात नावेचा संबंध असा तीर्थाशी आणि पैलतीराशी जोडलेला आहे. नौकेचा विचार या भूमीने पूर्वी केला नव्हता असे मात्र नाही. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथात नौकांचे सामान्य आणि विशेष असे वर्ग पाडून त्यांची मापे दिलेली आहेत. समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातील लोहचुंबक तिला ओढून घेईल, असा इशाराही तेथे आहे. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या राजाच्या नावाने हे लिहिले जावे, याचे कौतुक वाटते. पण नाव ही खेळाचे साधन होऊ शकते, आठ-नऊ तरुणांनी केवळ एकत्र वल्हवण्यासाठी मंडळ काढावे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालवावे, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली.

फ्रीगंजातल्या जुन्या मराठी घरांपैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी आज पुण्यास आहे. त्यांच्याकडे गेल्यावर ‘बोट क्लब रोड’ हे नाव आपल्या कानांवर पडते. उंच इमारतींचा, गर्द झाडीचा तो रस्ता आहे. ज्या नौकामंडळावरून त्या रस्त्याला नाव पडले, त्याचा आणि तेथून जवळच संगमावर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या नौकामंडळाचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. दोन महायुद्धे, एक सत्तांतर आणि एक महापूर या मंडळांच्या काठावरून गेला. त्यातून ती कशी तरली, आणि एवढ्या संकटांतून तरलेल्या या खेळाला आज खरे भय कशाचे आहे, हे पाहण्यासाठी हा लेख.

प्रथम या खेळाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. शर्यतीची मोठी नौका आठ वल्हेकऱ्यांची असते. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत मिळून एकच लांब वल्हे असते. चौघांची वल्ही एका बाजूस, चौघांची दुसऱ्या बाजूस. नौका इतकी अरुंद आणि हलकी असते की नुसत्या बसण्यातही तोल सांभाळावा लागतो. वल्हेकऱ्यांची पाठ नौका जाते त्या दिशेला असते. त्यांना दिसतो तो मागे पडत चाललेला किनारा. पुढचे पाणी दिसते ते केवळ सुकाणू धरून बसलेल्या नवव्या गड्याला. आठांपैकी एक जरी अनुपस्थित असला तरी नौका नीट चालत नाही, कारण एका बाजूचे बळ कमी पडते आणि ती वळू लागते. क्रिकेटमध्ये दहा गड्यांनी कसाबसा डाव निभावता येतो. येथे सात जणांनी आठांची नौका चालत नाही. त्यातच नव्या गड्याला तयार व्हायला काही हंगाम लागतात, आणि त्याला तयार करतो तो जुना गडी. पुस्तकातून ही विद्या येत नाही. नौकामंडळाच्या जीवनमरणाचे मर्म यातच आहे. मंडळ म्हणजे इमारत नव्हे, नौकाही नव्हेत. भरलेल्या जागा, शिकवणारा एक जुना हात आणि खाली वाहते पाणी, एवढेच त्याचे भांडवल.

हिंदुस्थानात या खेळाची मंडळे निघाली ती बंदरांच्या आणि छावण्यांच्या गावी. कलकत्त्याचे मंडळ १८५८ चे, मद्रासचे १८६७ चे आणि पुण्याचे १८६८ चे. पुण्यास समुद्र नाही, मोठी नदीही नाही. मग तेथे हे कसे जमले? याचे उत्तर एका धरणात आहे. मुळा आणि मुठा या नद्यांचा संगम झाल्यावर खाली काही अंतरावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साह्याने एक बंधारा बांधण्यात आला. हेतू पुण्याला पाणी पुरवण्याचा होता. त्या बंधाऱ्यामुळे त्याच्या वरच्या अंगाला संथ, रुंद पाण्याचा एक पट्टा तयार झाला. ज्याला आपण आज बंडगार्डन म्हणतो ते उद्यान याच बंधाऱ्याच्या, म्हणजे ‘बंड’च्या, काठचे. या साचलेल्या पाण्यावर छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी नौका उतरवल्या. पुढे व्हिक्टोरिया राणीचे तिसरे पुत्र ड्यूक ऑफ कॉनॉट यांचे नाव त्या मंडळाला मिळाले आणि ते ‘रॉयल कॉनॉट बोट क्लब’ झाले. हे ड्यूक १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या सैन्याचे सेनापती होते.

वरच्या बाजूस, ऐन संगमाजवळ, आणखी एक संस्था वाढत होती. १८५४ साली सरकारी बांधकामांसाठी दुय्यम नोकर तयार करण्याकरिता पुण्यात एक वर्ग निघाला. १८६५ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते संगमाजवळ त्याच्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. याच वर्गाचे पुढे सायन्स कॉलेज आणि १९११ साली इंजिनिअरिंग कॉलेज झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच १८८३ साली बाहेर पडले. म्हणजे एका काठावर साहेबांचे मंडळ, आणि थोडे वर, त्याच पाण्याच्या काठी, एतद्देशीय तरुणांचे महाविद्यालय. या दोहोंच्या कथा पुढे निराळ्या वळणांनी गेल्या; पाणी मात्र एकच होते.

१९१४ चा जुलै महिना या खेळाच्या इतिहासात विसरण्यासारखा नाही. इंग्लंडात थेम्स नदीवरील हेन्ले येथे १८३९ पासून दरवर्षी नौकांच्या शर्यती भरतात. जगभरातील मंडळे त्यांना पंढरीच्या वारीसारखे मानतात. त्या वर्षी मुख्य चषकाच्या अंतिम फेरीत इंग्लंडचा एकही संघ नव्हता. अमेरिकेतील हार्वर्ड आणि बॉस्टन यांचे संघ एकमेकांशी झुंजले आणि हार्वर्डने चषक नेला. वर्तमानपत्रे या नामुष्कीची चर्चा करीत असतानाच, महिन्याभरात युद्ध सुरू झाले. नौकामंडळांतील तरुण सैन्यात दाखल होणाऱ्यांत आघाडीवर होते. १९१५ पासून हेन्लेच्या शर्यती बंद पडल्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची प्रसिद्ध शर्यतही थांबली. त्या दोन विद्यापीठांकडून कधी ना कधी वल्हे मारलेले चाळीसहून अधिक गडी युद्धात कामास आले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या आठांच्या नौकेचा सुकाणूधारी गिलख्रिस्ट मॅक्लॅगन एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर पडला. त्याच नौकेत बसलेला फ्रेडरिक केली हा उत्तम संगीतकारही होता. तो नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. त्याच ऑलिंपिकमध्ये चौघांच्या नौकेत सुवर्णपदक मिळवणारा डंकन मॅकिनन ऑक्टोबर १९१७ मध्ये गेला. ही तीन नावे केवळ उदाहरणादाखल घेतली. प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर अशी एकेक पाटी लागली.

पुण्याच्या काठावरही युद्ध पोहोचले. छावणीतील अधिकारीवर्ग हाच तेथल्या मंडळाचा कणा, आणि छावणी तर रिकामी होत चालली होती. खडकीस मुंबई सॅपर्स आणि मायनर्स या पलटणीचे केंद्र होते. रस्ते बांधणे, सुरुंग लावणे, तरंगते पूल उभारणे हे त्यांचे काम. म्हणजे नाव आणि वल्हे त्यांच्या रोजच्या शिक्षणातले. या पलटणीच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील न्यूव्ह शापेल गावात ४७ व्या शीख पलटणीबरोबर शिरल्या. घराघरातून हातघाईची लढाई झाली. परत फिरेपर्यंत त्यांचे जवळजवळ सर्व इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा घायाळ झाले होते. पुढे मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडलेल्या फौजेत ११७ वी मराठा पलटण होती. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. त्याच कुतजवळ, शुमरानच्या वळणावर, २३ फेब्रुवारी १९१७ रोजी इंग्रजी फौजेने तैग्रिस नदी ओलांडली ती चक्क वल्ही मारून. शत्रूच्या गोळीबारात सपाट नावा पुन्हा पुन्हा पलीकडे नेण्यात आल्या; वल्हेकऱ्यांत सॅपर्सही होते. वल्हेकरी पडला की नाव प्रवाहात भरकटे, आणि दुसरा त्याची जागा घेई. क्लबात जी विद्या करमणूक म्हणून शिकली जाते तिचे हे दुसरे, कठोर रूप. पुढे तीन आठवड्यांच्या आत बगदाद पडले.

आपल्या ग्वाल्हेर संस्थानाचा या युद्धाशी संबंध आला तोही एका जहाजाच्या द्वारे, आणि त्याची हकीकत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. ज्यांच्या नावाने आपल्या या वस्तीस माधवनगर म्हणतात त्या माधवराव महाराज शिंदे यांनी पुढाकार घेऊन, इतर संस्थानिकांच्या साह्याने, १९१४ साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाचे एक जुने प्रवासी जहाज विकत घेतले आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचे तरंगते रुग्णालय केले. त्याला नाव दिले ‘लॉयल्टी’. युद्ध संपले तेव्हा या जहाजाचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी ते विकत घेऊन स्वदेशी जहाज कंपनी काढली, आणि कंपनीचे नावही ‘सिंधिया’ ठेवले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणारी ती सफर होती. तिच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज स्वतः फार दिवस टिकले नाही, १९२३ साली ते मोडीत निघाले. कंपनी मात्र पुढे अनेक दशके चालली. युद्धातून सावरणे म्हणजे जुने जसेच्या तसे परत मिळणे नव्हे, हे या जहाजाने दाखवून दिले. नाव तेच राहिले, पण काम बदलले आणि माणसेही बदलली.

नौकामंडळांचेही असेच झाले. १९१९ च्या जुलैत हेन्ले येथे शांततेच्या आनंदाप्रीत्यर्थ एक विशेष स्पर्धा भरवण्यात आली. जुने चषक त्या वर्षी ठेवले नाहीत. कारण जुने संघच उरले नव्हते. त्याऐवजी दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांसाठी राजाच्या नावाचा एक नवा चषक ठेवण्यात आला. तो ऑस्ट्रेलियन सैन्याच्या संघाने ऑक्सफर्डचा पराभव करून जिंकला. खंदकांतून जिवंत परतलेले आणि घरी जाण्यासाठी बोटीची वाट पाहत बसलेले ते सैनिक होते. नेहमीची स्पर्धा १९२० साली सुरू झाली. जे वाचले होते त्यांनी नव्या पोरांना बाकावर बसवून पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतले. मंडळे सावरली ती अशा शिक्षकांमुळे. निधी आणि नौका यांचा क्रमांक त्यानंतरचा.

पुण्यात या सावरण्याला एक निराळा अर्थ प्राप्त झाला. १९२८ साली संगमावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपला स्वतःचा वार्षिक नौकोत्सव सुरू केला. त्याला ते इंग्रजी वळणाने ‘रेगाटा’ म्हणतात. रेगाटा म्हणजे मुळात शर्यती. पण येथल्या मुलांनी त्याला आपले वळण दिले. शर्यतीबरोबर संचलने आली. सपाट तळाच्या नावांची रांग एका इशाऱ्यावर फिरून विविध आकृत्या रचते, लहान कयाकांचे जणू नृत्य होते, बाणाच्या टोकासारखी रचना करून नौका एकमेकींना छेदून जातात, आणि अंधार पडल्यावर मशाली घेऊन खेळ होतात. काठावर नातेवाईक, शिक्षक, जुने विद्यार्थी आणि गावकरी बसलेले असतात. आपल्याकडील जत्रा आणि इंग्रजांची शर्यत यांचा हा मिलाफ आहे. ज्या खेळात हिंदी माणसाची जागा बहुधा नावा धुण्याची आणि काठावर धरून ठेवण्याची होती, त्यात तो आता सुकाणूवर बसला होता. त्यासाठी कोणी सत्याग्रह केला नाही की ठराव केला नाही. मुले पाण्यात उतरली, एवढेच झाले. पण इतिहासात अशा गोष्टींची नोंद ठेवली पाहिजे.

दुसरे महायुद्ध या काठावर अधिक विचित्र रूपाने आले. पुणे हे दक्षिण विभागाच्या सैन्याचे मुख्य ठाणे. त्यामुळे छावणी पुन्हा गजबजली, खडकीचे कारखाने रात्रंदिवस चालू लागले. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि महात्मा गांधींना अटक करून नगर रस्त्यावरील आगाखान महालात ठेवण्यात आले. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूस, नदीच्या पलीकडे, साहेबांच्या नौकामंडळापासून फार दूर नाही, असा तो महाल. तेथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. एका काठावर राज्यकर्त्यांच्या विरंगुळ्याचे मंडळ आणि पलीकडे त्या राज्याचा सर्वांत मोठा बंदिवान. एकाच नदीने ही दोन्ही दृश्ये एकाच वेळी पाहिली.

त्याच वर्षांत या परिसराची माणसे दूरच्या रणांगणांवर होती. खडकीच्या सॅपर्सपैकी सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी फेब्रुवारी १९४१ मध्ये आफ्रिकेत सलग चार दिवस, कानाचा पडदा फाटला असतानाही, सुरुंग काढून रस्ता मोकळा केला आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडताना मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून सुखरूप नेऊन पुन्हा परत फिरून शत्रूची ठाणी उडवली. त्यांनाही तोच सन्मान मिळाला. पुन्हा एक नदी आणि पुन्हा एक पैलतीर. युद्धाच्या इतिहासात नद्या इतक्या का येतात, याचे उत्तर सोपे आहे. नदीवर सैन्य थांबते, आणि तेथे पाण्याची ओळख असलेली माणसे लागतात.

इंग्लंडात हेन्लेची नेहमीची स्पर्धा १९४६ साली पुन्हा भरली. १९४८ च्या ऑलिंपिकच्या नौकाशर्यती तेथेच झाल्या. त्यातील एक प्रसंग मला या सगळ्या इतिहासात विशेष वाटतो. रॅन लॉरी आणि जॅक विल्सन हे दोघे १९३८ साली हेन्लेला दोघांच्या नौकेत विजयी झाले होते. त्यानंतर ते सुदानमध्ये सरकारी नोकरीत गेले; युद्धाचा काळ तेथेच वाळवंटात गेला. दहा वर्षांनी, तिशी उलटल्यावर, रजेवर येऊन ते पुन्हा एका नौकेत बसले आणि त्यांनी ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. हात विसरले नव्हते. दोघांचीही जागा दहा वर्षे रिकामी होती, आणि दोघेही परत आले होते. बहुतेक मंडळांना एवढे भाग्य लाभले नाही.

१९४७ नंतर पुण्याच्या मंडळांतील जागा पुन्हा रिकाम्या झाल्या, पण या वेळी मृत्यूने नव्हे, प्रस्थानाने. साहेब गेला. त्याच्या मागे त्याचे मंडळ बंद पडेल अशी भीती वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ते चालू राहिले. नावातले ‘रॉयल’ आणि ‘कॉनॉट’ही राहिले, बाकावर मात्र देशी माणसे बसली. दरम्यान १९४३ साली रुडकीस निघालेली लष्करी अभियांत्रिकीची शाळा १९४८ च्या सुमारास दापोडीस आली आणि पुढे तिचे मोठे महाविद्यालय झाले. वल्हवण्याच्या खेळाला पुण्यात तिसरा आश्रय मिळाला तो येथे. मग आला १२ जुलै १९६१ चा दिवस. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठा बुडवीत संगमाकडे धावले. त्या पुराच्या आठवणी पुण्याच्या प्रत्येक जुन्या घरात आहेत. ज्या नदीवर मुले खेळत त्याच नदीने शहर उद्ध्वस्त केले. तरीही संगमावरचा नौकोत्सव त्या पुराबरोबर वाहून गेला नाही. मुले पुन्हा पाण्यात उतरली.

येथपर्यंतची कथा ही सावरण्याची कथा आहे. यापुढची तशी नाही. ज्या पाण्याने हा खेळ शक्य केला तेच पाणी बदलले. वरच्या धरणांत नदी अडवली गेली, शहर वाढले, पावसाळा सोडला तर संगमावर येते ते बव्हंशी शहराचे सांडपाणी. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी माजते. दुरून पाहणाऱ्याला ती हिरवळ सुंदर वाटते, पण वल्हे तिच्यात अडकते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. संगमावरच्या विद्यार्थ्यांना उत्सवापूर्वी जलपर्णी काढण्याची खटपट करावी लागते. वल्हवण्याचा सराव करण्याआधी नदी उघडी करावी लागते, असा हा उलटा न्याय आहे.

हे केवळ पुण्याचे दुखणे नाही. १९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्या वेळी नौकाशर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर भरल्या. पुढे तो तलाव कोरडा पडला. आज शर्यतीसाठी दोन हजार मीटर सरळ, संथ पाणी लागते. ते नैसर्गिक नदीत मिळणे कठीण. म्हणून दापोडीच्या लष्करी महाविद्यालयात खणून काढलेल्या कृत्रिम जलमार्गावर सैन्याचे वल्हेकरी तयार होतात. तेथल्या शिक्षणाने बजरंगलाल ताखर यांनी २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत एकट्याच्या नौकेत सुवर्णपदक मिळवले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ हे तर अवर्षणाच्या गावचे; वडिलांबरोबर विहिरी खोदलेला हा तरुण सैन्यात आला, पुण्यात वल्हे धरायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक जिंकले. ज्याच्या गावात प्यायला पाणी पुरेसे नाही त्याने पाण्यावरच्या खेळात देशाचे नाव काढावे, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि अंतर्मुख करणारीही. आपल्याच राज्यात भोपाळच्या मोठ्या तलावावर शासनाची जलक्रीडा प्रबोधिनी आहे. ग्वाल्हेरच्या प्राची यादव भोपाळला तयार होऊन २०२१ साली टोकियो पॅरालिम्पिकमध्ये कॅनोइंगच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. तो तलाव भोजराजाने बांधला असे मानतात. ‘युक्तिकल्पतरु’च्या वारशाला असे अनपेक्षित फळ आले.

मग या इतिहासातून काय दिसते? युद्धाने नौकामंडळातील माणसे नेली, पण मंडळ संपले नाही; मागे राहिलेल्या एखाद्या जुन्या हाताने नव्याला शिकवले आणि बाके भरली. राज्य गेले, मंडळ राहिले. पूर आला आणि ओसरला. पाणी नासले तेव्हा मात्र शिकवणाऱ्यालाही इलाज उरत नाही, कारण शिकवायचे कोठे, हाच प्रश्न उभा राहतो.

आपल्या शिप्रेकडे पाहताना हे आठवते. २०१४ साली नर्मदेचे पाणी नळांतून उचलून शिप्रेच्या उगमाशी, उज्जैनी गावी, सोडण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थात लाखो भाविकांनी स्नान केले ते बव्हंशी त्या आणलेल्या पाण्यात. खान नदी इंदूरचे सांडपाणी घेऊन त्रिवेणीजवळ शिप्रेला मिळते. ते वळवण्यासाठी मोठी योजना करावी लागली. आता २०२८ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. पर्वकाळापुरते पाणी आणता येते, हे आपण पाहिले आहे. रामघाटावरच्या नावाड्याला मात्र पर्वकाळ नसलेल्या दिवशीही नाव चालवावी लागते. नदी जिवंत आहे की नाही, हे त्याच्या वल्ह्याला आपल्याआधी कळते.

आणखी एक गोष्ट, जी फ्रीगंजातल्या आपणां सर्वांना जवळून ठाऊक आहे. आपल्या घरांतली मुले शिकायला म्हणून इंदूर-पुण्यास जातात आणि तेथलीच होतात. गणेशोत्सवाच्या नाटकाला पात्रे पुरत नाहीत, वाचनालयाच्या व्यवस्थापक समितीत तीच नावे वर्षानुवर्षे दिसतात. आपल्या बाकावरच्या जागाही अशा रिकाम्या होत आहेत. नौकामंडळांचा इतिहास सांगतो की रिकाम्या जागांनी फारसे घाबरू नये. त्या भरता येतात, जर कोणी शिकवणारा मागे राहिला आणि घरात मराठी वाहती राहिली तर. हे दुसरे काम अधिक अवघड आहे, आणि ते कोणत्याही समितीचे नाही, प्रत्येक घराचे आहे.

या मार्चमध्ये कोणी पुण्यास लेकीकडे किंवा मुलाकडे जाणार असेल, तर त्यांनी एका संध्याकाळी संगमावर जावे. रेगाटाचा दिवस असेल तर उत्तमच. मशालींच्या उजेडात नावा फिरताना पाहताना पाण्याचा वासही येईल. तो वास टाळू नये. उत्सव आणि वास, दोन्ही मिळून त्या नदीचा आजचा इतिहास आहे, आणि परत आल्यावर रामघाटावर उभे राहिले की तो आपल्याला अधिक नीट समजेल.